लहान मुलांचे इंग्रजी जोखताना : पेनी मॅके यांचे काम

मातृभाषेखेरीज दुसरी भाषा शिकणाऱ्या पाच ते बारा वर्षांच्या मुलाची त्या भाषेतील प्रगती कशी ओळखावी, हा प्रश्न भाषिक मूल्यमापनाच्या अभ्यासात फार उशिरा स्वतंत्रपणे विचारला गेला. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठी केंब्रिजची प्रावीण्य परीक्षा १९१३ साली सुरू झाली आणि अमेरिकेत ‘टोफेल’ ही चाचणी १९६४ साली आली. परंतु दोन्ही परीक्षा घडवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रौढ परीक्षार्थी होता. त्याला इंग्रजीचा शिक्षक व्हायचे असे किंवा विद्यापीठात प्रवेश घ्यायचा असे, तो तासन्‌तास एका जागी बसू शके, लेखी सूचना स्वतः वाचू शके आणि नापास झालाच तर पुन्हा तयारीला लागू शके. केंब्रिजने लहान मुलांसाठी वेगळ्या इंग्रजी चाचण्या काढल्या त्या १९९७ साली, म्हणजे पहिल्या परीक्षेनंतर ८४ वर्षांनी. दरम्यानच्या काळात बहुतेक ठिकाणी मुलांच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या: प्रौढांच्या परीक्षेची सोपी केलेली आवृत्ती, नाहीतर इंग्रजी मातृभाषा असलेल्या मुलांसाठी तयार झालेली वर्गपरीक्षा. यांपैकी दुसरा प्रकार अधिक घातक होता, कारण सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली म्हणजे न्याय झाला, असा समज त्यामुळे सहज पसरतो.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहरात क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजी या विद्यापीठात अध्यापन आणि संशोधन केलेल्या पेनी मॅके यांचे काम मुख्यतः हा समज खोडून काढण्यात गेले. अभ्यासक्रमाची रचना, प्रगतीच्या पट्ट्या, शासकीय धोरणावरील टीका आणि अखेरीस या विषयाचा सर्वांगीण आढावा घेणारा ग्रंथ अशा क्रमाने ते पुढे सरकले. मुलांच्या भाषिक मूल्यमापनाला आज अभ्यासाची स्वतंत्र शाखा मानले जाते, त्यात या कामाचा वाटा मोठा आहे.

हे काम ऑस्ट्रेलियातच का उभे राहिले, हे तेथील स्थलांतराच्या इतिहासावरून कळते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे युरोपातून, विशेषतः इटली, ग्रीस आणि युगोस्लाव्हियातून लोकांचा ओघ सुरू झाला आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिएतनामी निर्वासित येऊ लागले. प्रौढ स्थलांतरितांना इंग्रजी शिकवण्याची सरकारी योजना १९४८ पासूनच होती. मुलांना मात्र नेहमीच्या वर्गात नुसते बसवले तरी ती आपोआप भाषा उचलतील, असे गृहीत धरले जाई. मुलांसाठी खास योजना १९७० च्या सुमारास आली. पुढे १९८७ मध्ये भाषातज्ज्ञ जोसेफ लो बियांको यांनी तयार केलेले राष्ट्रीय भाषाधोरण सरकारने स्वीकारले आणि शाळेतील भाषाशिक्षणाची शिस्तशीर आखणी करण्याची संधी संशोधकांना मिळाली. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, अँजेला स्कारिनो, डेव्हिड व्हेल, पेनी मॅके आणि जॉन क्लार्क या चौघांनी शाळांतील भाषाशिक्षणासाठी ‘ऑस्ट्रेलियन लँग्वेज लेव्हल्स’ या नावाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भाषा शिकणे म्हणजे व्याकरणाचे धडे क्रमाने संपवणे नसून त्या भाषेत काही तरी साधता येणे होय, आणि ज्याचा आरंभ वेगळ्या वयात किंवा वेगळ्या पूर्वानुभवाने झाला त्याचे टप्पेही वेगळे असायला हवेत, ही त्यांमागची भूमिका होती. मॅके यांच्या पुढील कामाचे बीज याच भूमिकेत आहे.

ते बीज सर्वाधिक बहरले १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या ‘ईएसएल बँडस्केल्स’ या प्रकल्पात. ईएसएल म्हणजे दुसरी भाषा म्हणून शिकलेले इंग्रजी: घरात वेगळी भाषा, पण शाळेचे आणि बाहेरच्या जगाचे सगळे व्यवहार इंग्रजीत, अशा मुलाचे इंग्रजी. बँडस्केल म्हणजे अशा मुलाच्या प्रगतीच्या पायऱ्यांचे शब्दांत केलेले वर्णन. तिच्यात गुण नसतात; या पायरीवरचे मूल काय समजू शकते, काय बोलू पाहते, कोठे अडखळते आणि कोणाच्या मदतीने पुढे जाते, हे तिच्यात लिहिलेले असते, आणि वर्गातील मूल कोणत्या वर्णनाला सर्वाधिक जुळते हे शिक्षकाने रोजच्या निरीक्षणावरून ठरवायचे असते. राष्ट्रीय भाषा व साक्षरता संस्थेच्या या प्रकल्पाचे संयोजन मॅके यांच्याकडे होते. श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन यांच्या पट्ट्या वेगळ्या ठेवल्या गेल्या, कारण एखादे मूल बोलण्यात पुष्कळ पुढे आणि लेखनात बरेच मागे असू शकते, आणि चारही कौशल्यांचा एकच आकडा काढला की हा फरक पुसला जातो. त्याहून महत्त्वाचा निर्णय वयाचा होता. प्राथमिक शाळेचे आरंभीचे वर्ग, प्राथमिकचे वरचे वर्ग आणि माध्यमिक शाळा अशा तीन वयोगटांसाठी तीन निरनिराळ्या पट्ट्या तयार करण्यात आल्या. सहा वर्षांचे मूल आणि चौदा वर्षांचा मुलगा हे दोघेही इंग्रजीत नवखे असले, तरी दोघांचे नवखेपण सारखे नसते: पहिल्याला कोणत्याच भाषेत वाचता येत नसते, दुसऱ्याला बहुधा येत असते, पहिल्याच्या वर्गात चित्रे, गाणी आणि खेळ असतात, तर दुसऱ्यासमोर विज्ञानाचे पाठ्यपुस्तक असते. नवखेपणाची पायरी सर्वांना सारखीच लावणाऱ्या पट्ट्या तेव्हाही होत्या आणि आजही आहेत, म्हणून या निर्णयाचे मोल अजून कमी झालेले नाही.

या पट्ट्यांच्या अगदी खालच्या पायऱ्या शिक्षकांना विशेष उपयोगी पडणाऱ्या आहेत. नव्या भाषेच्या वर्गात आलेले लहान मूल आरंभी आठवडेच्या आठवडे गप्प राहू शकते. अभ्यासक त्याला मौनकाळ म्हणतात. बाहेरून पाहणाऱ्याला त्या काळात काहीच घडत नाही असे वाटते, परंतु मूल या काळात इतरांकडे पाहून दप्तर उघडते, गाणे चालू असताना हातवारे बरोबर करते, बोट दाखवून हवी ती वस्तू मागते आणि शेजारी स्वतःच्या भाषेचा सोबती असेल तर त्याच्याकडून अर्थ विचारून घेते. गुणपत्रिकेत या साऱ्याची किंमत शून्य असते. बँडस्केलमध्ये ही भाषाशिक्षणाची पहिली पायरी ठरते. मुलाच्या पहिल्या भाषेचा आधार घेणे हे दुबळेपणाचे लक्षण न मानता शिकण्याचे साधन मानले गेले, हेही येथे नोंदवले पाहिजे.

उदाहरणार्थ, चौथीपर्यंत महाराष्ट्रात मराठी माध्यमात शिकून आईवडिलांबरोबर मेलबर्नला गेलेली दहा वर्षांची मुलगी आणि निर्वासितांच्या छावणीतून आलेला, शाळेचे तोंडही न पाहिलेला तिच्याच वयाचा मुलगा, अशी दोन मुले एका वर्गात बसली आहेत असे समजावे. इंग्रजी दोघांनाही येत नाही आणि पहिल्याच दिवशी लेखी चाचणी घेतली तर दोघांनाही शून्यच मिळेल. परंतु त्या मुलीला वाचन म्हणजे काय, परिच्छेद म्हणजे काय, गोष्टीला सुरुवात आणि शेवट असतो म्हणजे काय, हे मराठीतून पक्के ठाऊक आहे आणि तिला ते इंग्रजीत फक्त नव्या खुणांनी पुन्हा उभे करायचे आहे. मुलाला मात्र हे सगळे अपरिचित भाषेत प्रथमच शिकायचे आहे. म्हणूनच मॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या भाषेतील साक्षरतेची पार्श्वभूमी अल्प असलेल्या मुलांचा वेगळा विचार केला. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलेला फरकही येथे आठवावा: खेळाच्या मैदानावर चालणारी संभाषणाची भाषा मुले साधारण दोन वर्षांत आत्मसात करतात, पण अभ्यासाची, विचार मांडण्याची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. फाडफाड बोलणारे मूल परीक्षेत मागे पडले म्हणजे ते मंद आहे असा निष्कर्ष काढणारा शिक्षक या पाच-सात वर्षांचा विचारच करत नसतो.

अशा पट्ट्यांवर आक्षेपही घेतले जातात आणि ते पोकळ नाहीत. पायऱ्यांची वर्णने बऱ्याच अंशी अनुभवी शिक्षक आणि तज्ज्ञ यांच्या जाणकारीवर आधारलेली असतात, मुलांच्या भाषेच्या दीर्घकालीन मोजणीवर तितकी नसतात; शिवाय ती लांबलचक असतात आणि पट भरलेल्या वर्गातील शिक्षकाला प्रत्येक मुलासाठी ती ताडून पाहणे जड जाते. तरीही या जाणकारीला लिखित आणि सामायिक रूप मिळाले, आणि एका शाळेतील शिक्षकाचे निरीक्षण दुसऱ्या शाळेतील शिक्षकाला कळू लागले, हे त्या आक्षेपांपेक्षा वजनदार ठरते.

पट्ट्या वापरात येऊन फार काळ लोटला नव्हता तोच वारे उलटे फिरले. प्राथमिक शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलाला योग्य पातळीवर वाचता-लिहिता आलेच पाहिजे, असे राष्ट्रीय उद्दिष्ट १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील सर्व राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी मान्य केले आणि तिसरी व पाचवीच्या मुलांसाठी साक्षरतेचे किमान निकष, म्हणजे ‘बेंचमार्क’, ठरवण्यात आले. उद्दिष्टात गैर काही नव्हते. गैर होते ते निकषांच्या मुळाशी असलेले मूल. ते इंग्रजी घरात जन्मलेले, पाच वर्षे इंग्रजी कानावर घेऊनच शाळेत आलेले मूल होते आणि त्याची वाट हीच सर्वांची वाट मानली गेली होती. मॅके यांनी १९९८ पासून या निकषांवर सविस्तर लिहिले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा की, निकषाखाली राहिलेल्या मुलांत दोन अगदी वेगळ्या प्रकारची मुले असतात: एक, ज्याला वाचनातच अडचण आहे, आणि दुसरे, ज्याचे वाचन चांगले आहे किंवा चांगले होऊ शकते, पण ज्याला अजून इंग्रजी यायचे आहे. दोघांना एकाच यादीत घातले की दोघांनाही एकच उपाय मिळतो, म्हणजे साक्षरतेचा उपचारात्मक वर्ग, आणि दुसऱ्या मुलाला लागते ते भाषाशिक्षण त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. मोजमापाची एक पद्धत बदलली की मुलांची ओळख, त्यांच्यासाठीचे तज्ज्ञ शिक्षक आणि त्यांच्यावर खर्च होणारा निधी हे सगळेच बदलते, हे या वादातून ठळकपणे दिसले. मूल्यमापन हा केवळ तांत्रिक विषय मानणाऱ्यांनी मॅके यांचे या काळातील लेखन अवश्य पाहावे. मूल्यमापनाच्या तज्ज्ञाने धोरणाच्या वादात उतरावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतः उतरून दिले.

‘लँग्वेज टेस्टिंग’ या नियतकालिकाने २००० साली आपला एक अंक लहान विद्यार्थ्यांच्या मूल्यमापनाला वाहिला. या अंकात मॅके यांनी शाळकरी मुलांसाठीच्या भाषिक मानकांचा अभ्यास मांडला आणि ही मानके कोणासाठी व कोणत्या हेतूने बनवली जातात, याची छाननी केली. शिक्षकाला मुलाची पुढची पायरी समजावी म्हणून तयार केलेले वर्णन आणि प्रशासनाला शाळांचा हिशेब मिळावा म्हणून तयार केलेले वर्णन ही वरवर सारखी दिसली तरी एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

मॅके यांचा ‘असेसिंग यंग लँग्वेज लर्नर्स’ हा ग्रंथ केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. चार्ल्स ऑल्डरसन आणि लाइल बाकमन यांनी संपादित केलेल्या भाषिक मूल्यमापनाच्या मालेतील हे पुस्तक आहे. लहान मुलांचा प्रश्न वेगळा का, याची तीन कारणे त्यात दिली आहेत: वाढ, साक्षरता आणि नाजूकपणा. वाढ म्हणजे मुलाची बुद्धी, भावना आणि शरीर ही सर्व भाषेबरोबरच घडत असतात, त्यामुळे उत्तर चुकले तर ते भाषा न आल्यामुळे की प्रश्नाची कल्पनाच वयाला न पेलल्यामुळे, हे आधी पाहावे लागते. साक्षरता म्हणजे वाचन-लेखनाची मूळ क्रियाच मूल अजून शिकत असते, कधी एका भाषेत, तर कधी एकाच वेळी दोन भाषांत. नाजूकपणा म्हणजे मोठ्यांच्या कौतुकाचा आणि नापसंतीचा मुलावर होणारा खोल परिणाम. चाचणीतून एकदा आपल्याला ही भाषा येत नाही असा ग्रह झाला, की तो पुढची अनेक वर्षे पुसत नाही.

ही कारणे प्रत्यक्ष प्रश्नपत्रिकेत कशी उतरतात, ते एका साध्या कृतीवरून पाहता येते. सहा-सात वर्षांच्या मुलाचे श्रवण तपासायचे आहे. नेहमीची पद्धत म्हणजे एक वाक्य ऐकवायचे आणि खाली छापलेल्या तीन पर्यायांतून योग्य पर्यायावर खूण करायला सांगायचे. परंतु पर्याय वाचता आले नाहीत तर मूल वाक्य समजूनही चुकेल. म्हणजे नाव श्रवणाचे आणि मोजले गेले वाचन. चाचणी जे मोजण्याचा दावा करते तेच ती मोजते की नाही, या कसोटीला शास्त्रात वैधता म्हणतात, आणि ही चाचणी त्या कसोटीला उतरत नाही. याऐवजी मुलासमोर एक चित्र ठेवावे, त्यात टेबलावर एक, खुर्चीखाली एक आणि दाराजवळ एक असे तीन चेंडू असावेत, आणि खुर्चीखालचा चेंडू लाल रंगव, एवढेच इंग्रजीत सांगावे. आता मुलाने काय केले यातून बरेच कळते. योग्य चेंडू निवडून निळा रंगवला, तर जागा दाखवणारा शब्द कळला आहे, रंगाचा निसटला आहे. तिन्ही चेंडू लाल केले, तर रंग आणि वस्तू कळली आहे, जागा कळलेली नाही. खडू हातात धरून शेजारच्याकडे पाहत राहिले, तर कदाचित ते सूचना पुन्हा ऐकण्याची वाट पाहत आहे. यातही सावधगिरी लागते, कारण चेंडू काठाबाहेर न जाता रंगवण्यावर गुण ठेवले की मोजले जाते ते बोटांचे कसब. केंब्रिजच्या मुलांच्या चाचण्यांत अशी रंग भरण्याची कृती असते आणि त्या चाचण्यांत नापास हा शेराही नसतो. प्रत्येक भागासाठी एक ते पाच ढालींची चित्रे मुलाला मिळतात.

बोलण्याच्या तपासणीबाबतही हेच म्हणता येते. अनोळखी परीक्षकाने चित्रावर बोट ठेवून हे काय आहे असे विचारत राहिले, तर मूल एकेका शब्दात उत्तर देते, आणि परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक आहे हे मुलाला पुरते कळत असते. त्याऐवजी थोडा फरक असलेली दोन चित्रे दोन मुलांना देऊन, एकमेकांचे चित्र न पाहता फरक शोधायला सांगितले, की विचारणे, सांगणे, न कळल्यास पुन्हा विचारणे हे सगळे घडते, कारण आता बोलण्याला खरे कारण मिळालेले असते. चाचणीतील कृती आणि वर्गातील किंवा जीवनातील भाषावापर यांत असे साम्य असावे, हे तत्त्व बाकमन आणि एड्रियन पामर यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. मॅके यांनी ते मुलांच्या जगात आणले आणि वर्गात रोज चालणाऱ्या मूल्यमापनाला स्वतंत्र प्रकरण दिले. बाह्य चाचण्यांना त्यांचा सरसकट विरोध नव्हता; मात्र त्या कशा तयार झाल्या आणि त्यांचा शिकवण्यावर काय परिणाम होतो, याचा पुरावा मागण्याचा हक्क शिक्षकांना आहे, अशी त्यांची धारणा होती.

बँडस्केल्सचा पुढचा प्रवास क्वीन्सलँडमध्ये झाला. तेथील शिक्षण विभागाने त्यांच्या आधारे आदिवासी आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या मुलांसाठी वेगळ्या पट्ट्या तयार केल्या. यांतली अनेक मुले क्रिओल, म्हणजे इंग्रजी आणि स्थानिक भाषांच्या संपर्कातून जन्मलेल्या स्वतंत्र भाषा बोलतात. शब्द इंग्रजीसारखे वाटत असल्याने ती इंग्रजीच बोलतात, पण चुकीचे बोलतात, असे शिक्षकांना वर्षानुवर्षे वाटत आले होते. ती दुसरी भाषा शिकत आहेत हे पट्ट्यांमुळे निदान कागदावर तरी मान्य झाले. दुसरीकडे २००८ पासून तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या मुलांसाठी ‘नॅपलॅन’ ही राष्ट्रीय चाचणी सुरू झाली आणि सर्वांना एकच प्रश्नपत्रिका देण्याची पद्धत आणखी घट्ट झाली. मॅके यांच्या स्मरणार्थ ऑस्ट्रेलियातील उपयोजित भाषाविज्ञानाची संघटना भाषाशिक्षणावरील उत्तम पीएच.डी. प्रबंधाला पुरस्कार देते.

लहान मुलांचे इंग्रजी कसे जोखावे, हा प्रश्न आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. येथे मुलाच्या घरात आणि गल्लीत इंग्रजी नसते, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्या जशाच्या तशा उचलता येणार नाहीत. मेळघाटातील कोरकू मुलाला तर इंग्रजी ही तिसरी भाषा असते. मात्र रोजच्या निरीक्षणावरून मूल्यमापन करण्याचे साधन हाताशी आहे. शिक्षण हक्क कायद्यानंतर २०१० मध्ये आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे शिकणे चालू असतानाच होणाऱ्या तपासणीला, संकलित परीक्षेच्या बरोबरीने जागा दिली गेली आणि दैनंदिन निरीक्षण हे त्याचे पहिले साधनतंत्र ठरले. प्रत्यक्षात अनेक शाळांत या वर्णनात्मक नोंदी तयार पुस्तिकांतून किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांतून उतरवल्या जातात, आणि चाळीस मुलांच्या नावापुढे तीच पाच-सहा वाक्ये आलटून पालटून येतात. अशा नोंदवहीपेक्षा कोरी नोंदवही बरी. पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी आठवड्याला निदान पाच मुलांचे इंग्रजी स्वतः ऐकून, त्यांनी काय म्हटले ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे, आणि पर्यवेक्षकांनी नोंदवही भरलेली आहे का याऐवजी दोन मुलांच्या नोंदी एकमेकींपासून वेगळ्या आहेत का, हे पाहावे.